'सेत्त कॉलेज' आणि उत्तर देणारे यंत्र

माझी बदली चेन्नईला झाली, त्याच वर्षी हिवाळ्यात आई साताऱ्याहून दोन महिने माझ्याकडे राहावयास आली. तिचे वय तेव्हा एक्क्याऐंशी. मराठीखेरीज दुसरी भाषा तिला येत नाही, पण कुतूहल मात्र शाळकरी मुलीचे. एका रविवारी मी तिला एग्मोर येथील शासकीय संग्रहालयात घेऊन गेलो. कांस्यमूर्तींच्या दालनात तिरुवालंगाडूच्या नटराजासमोर येताच तिने पायांतील चपला काढल्या आणि हात जोडले. दालनाच्या रक्षकाने ते पाहिले व तो हसला, पण त्याने तिला अडवले नाही.

मग आईने विचारले, "अरे, ह्याच्या पायाखाली तो कोण पडलाय? आणि तो हसतोय की रडतोय?"

मी पाटी वाचली. पाटीवर मूर्तीचे नाव, गावाचे नाव आणि काळ एवढे होते. तिच्या प्रश्नाचे उत्तर तेथे नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही ते नीट ठाऊक नव्हते. अर्थशास्त्रात एम. ए. केलेल्या आणि तीस वर्षे शासकीय सेवेत काढलेल्या माणसाला नटराजाच्या पायाखाली कोण आहे हे सांगता येऊ नये, याची मला लाज वाटली. आमची अडचण रक्षकाच्या ध्यानात आली असावी. तो जवळ आला, मूर्तीच्या पायाकडे बोट दाखवून म्हणाला, "मुयलगन." पुढेही तो तमिळमध्ये चारपाच वाक्ये बोलला. माझे तमिळ भाजीबाजारापुरते. मला काहीच उमगले नाही. आईने मान डोलावली, रक्षकानेही मान डोलावली, आणि आम्ही पुढच्या मूर्तीकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातील एका तमिळ सहकाऱ्याने खुलासा केला. आपण ज्याला अपस्मार म्हणतो, त्यालाच तमिळमध्ये मुयलगन म्हणतात. तो अज्ञानाचे, विस्मृतीचे प्रतीक. शिव त्याला ठार करीत नाही, पायाखाली दाबून ठेवतो. म्हणजे रक्षकाने दिलेले उत्तर अचूक होते. प्रश्न मराठीत होता, उत्तर तमिळमध्ये होते, दोहोंमध्ये चार फुटांचे अंतर होते आणि ते ओलांडण्याची सोय नव्हती.

संग्रहालयांना आभासी सहायकांचा, म्हणजे आपल्या प्रश्नाला लेखी वा बोलून उत्तर देणाऱ्या संगणकीय सहायकांचा, काय उपयोग होईल, असा विषय हल्ली शासकीय बैठकांत वारंवार निघतो. त्यावर लिहावयास बसलो की मला ते चार फूट आठवतात. परंतु कोणत्याही नव्या साधनाविषयी मत बनवण्यापूर्वी जुन्या साधनांचा इतिहास पाहावा, अशी मला सवय आहे. आणि या प्रश्नाचा इतिहास एग्मोरच्या त्याच आवारात फार चांगला सापडतो.

मेलेले कॉलेज आणि जिवंत कॉलेज

मद्रासचे हे संग्रहालय १८५१ मध्ये सुरू झाले. कलकत्त्याच्या १८१४ च्या संग्रहालयानंतर भारतातील जुन्या संग्रहालयांत त्याचा क्रमांक लागतो. मद्रास लिटररी सोसायटीने मागणी केली, ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाने मंजुरी दिली, आणि कॉलेज रोडवरील फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेजच्या इमारतीत सुमारे ११०० भूशास्त्रीय नमुन्यांनिशी त्याचा आरंभ झाला. पहिले प्रमुख होते एडवर्ड बाल्फर, व्यवसायाने लष्करी शल्यचिकित्सक. १८५४ मध्ये संग्रह एग्मोर येथील 'पँथिऑन' नामक वास्तूत हलवला गेला. आजही त्या रस्त्याचे नाव पँथिऑन रोडच आहे.

बाल्फर हा विलक्षण उद्योगी माणूस. त्याचा 'सायक्लोपीडिया ऑफ इंडिया' १८५७ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्याने हिंदुस्थानाविषयीच्या हजारो प्रश्नांची उत्तरे एका ग्रंथात गोळा केली, तोच या संग्रहालयाचा पहिला प्रमुख होता. तरीही लोकांना संग्रहालयात आणावयाचे कसे, हा पेच त्यालाही पडलाच. दगड आणि खनिजे पाहावयास कोण येणार? त्याने आवारात वाघाचा बछडा आणि बिबळ्या आणून ठेवला. लोक येऊ लागले. १८५५ पासून तेथे प्राणिसंग्रह उभा राहिला, कर्नाटकच्या नवाबाकडूनही प्राणी मिळाले, आणि पुढे १८६३ मध्ये तो पीपल्स पार्कमध्ये गेला. तोच प्राणिसंग्रह १९८५ पासून शहराबाहेर वंडलूर येथे नांदतो आहे.

मद्रासच्या सामान्य माणसाने या दोन संस्थांना आपल्या भाषेत नावे दिली. संग्रहालय मुळात एका कॉलेजात सुरू झालेले, म्हणून ते 'सेत्त कॉलेज' म्हणजे मेलेले कॉलेज. आणि प्राणिसंग्रहालय 'उयिर कॉलेज' म्हणजे जिवंत कॉलेज. चेन्नईतील जुनी माणसे आजही ही नावे हसत हसत सांगतात. मला मात्र त्यात विनोदापेक्षा परीक्षण अधिक दिसते. एकीकडे प्राणी डरकाळी फोडतो, आपल्याकडे पाहतो, प्रतिसाद देतो. दुसरीकडे वस्तू गप्प राहते. जे प्रतिसाद देते ते जिवंत आणि जे देत नाही ते मेलेले, अशी ही लोकांची साधी व्याख्या. आपण आज 'संवादात्मक प्रदर्शन' म्हणून ज्याची तरफदारी करतो, त्याची गरज मद्रासच्या जनतेने दोन शब्दांत सांगून ठेवली होती.

पाटी, सूची आणि मार्गदर्शक

१८८५ पासून दोन दशकांहून अधिक काळ एडगर थर्स्टन हे या संग्रहालयाचे अधीक्षक होते. त्यांच्या कारकिर्दीत संग्रहालय वाढले, पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा दिवस राखून ठेवण्याची प्रथाही पडली. परंतु बहुसंख्य प्रेक्षक संग्रहालयाकडे केवळ तमाशा म्हणून पाहतात, असा त्यांचा सूर होता. वसाहतकालीन अधिकाऱ्यांच्या लिखाणात ही तक्रार वारंवार आढळते: लोक येतात, गर्दी करतात, ओरडून वस्तूंची नावे घेतात आणि काही न शिकता जातात.

या तक्रारीत एक गोष्ट राहून गेली. लोक ओरडून नावे घेत होते, म्हणजे ते एकमेकांना सांगत होते. ज्याला ठाऊक होते तो न जाणणाऱ्यास समजावीत होता. तो त्यांचा मार्गदर्शकच होता. शासनाने दिलेला मार्गदर्शक म्हणजे पाटी. आणि ती वाचण्यासाठी साक्षर असावे लागे, त्यातही त्या पाटीची भाषा यावी लागे.

पाटीचा हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील जॉर्ज ब्राउन गूड यांच्यासारखे जाणकार पाटीला वस्तूइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व देऊ लागले होते. पण भारतात त्या विचाराला एक भिंत आडवी येते, आणि ती अक्षरशः भिंतच. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत. एका मूर्तीखाली बावीस भाषांत पन्नास पन्नास शब्द लिहावयाचे म्हटले तर मूर्ती पाटीमागे झाकली जाईल. म्हणून आपण दोन किंवा तीन भाषा निवडतो. हा निर्णय अपरिहार्य असतो, आणि तो उरलेल्या सर्वांस बाहेर ठेवतो.

पाटीनंतरचे साधन सूचीग्रंथाचे. या बाबतीत मद्रासची परंपरा अभिमानास्पद आहे. १९३२ मध्ये एफ. एच. ग्रेव्हली आणि टी. एन. रामचंद्रन यांनी या संग्रहालयातील हिंदू धातुमूर्तींची सूची सिद्ध केली. १९४२ मध्ये सी. शिवराममूर्ती यांचा अमरावतीच्या शिल्पांवरील ग्रंथ निघाला. आजही अभ्यासकांना या दोन ग्रंथांवाचून पुढे जाता येत नाही. आईच्या प्रश्नाचे उत्तर अशा ग्रंथांत असते. म्हणजे ज्ञान नव्हते असे नाही. ज्ञान कपाटात होते, मूर्ती दालनात होती आणि प्रश्न विचारणारी बाई मूर्तीसमोर उभी होती.

तिसरे साधन म्हणजे हाडामांसाचा मार्गदर्शक. याहून उत्तम साधन अद्याप निघालेले नाही, आणि निघेल असे मला वाटत नाही. परंतु येथे अर्थशास्त्र आडवे येते. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये नाटक, संगीत आदी कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. चार वादकांच्या मैफलीला दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसे व जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो. कारखान्यात उत्पादकता वाढते, मैफलीत वाढत नाही. पण वेतन दोन्हीकडे वाढते, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. संग्रहालयाच्या मार्गदर्शकालाही हेच लागू पडते. एक मार्गदर्शक एका तासात एकाच गटाला फिरवू शकतो. एग्मोरच्या आवारात चाळीसहून अधिक दालने. प्रत्येक दालनात, प्रत्येक भाषेचा, दिवसभर उभा असलेला मार्गदर्शक कोणत्याही अर्थसंकल्पात बसणार नाही. परिणामी पदे भरली जात नाहीत, आणि प्रेक्षकाने काही विचारू नये हेच गृहीत धरले जाते.

यंत्र बोलू लागले

या अडचणीवर पहिला यांत्रिक तोडगा १९५२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने काढला. लघुलहरींच्या रेडिओवरून ध्वनिफितीवरील व्याख्यान दालनात प्रसारित होई आणि प्रेक्षक कानाला यंत्र लावून ते ऐकत. गंमत अशी की फीत सर्वांसाठी एकच चाले. त्यामुळे सारे प्रेक्षक एकाच वेळी एकाच चित्राकडे वळत. पुढे कॅसेट आल्या, मग अंकीय यंत्रे आली, आणि आता भ्रमणध्वनीवर ध्वनिमार्गदर्शन मिळते. परंतु या सर्व साधनांत एक उणीव कायम राहिली. यंत्र बोलते, ऐकत नाही. प्रेक्षकाला काय विचारावयाचे आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

ऐकणाऱ्या यंत्राचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. १९६६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा संवाद करणारा कार्यक्रम लिहिला. त्याला काही कळत नसे. आपलेच शब्द तो फिरवून आपल्यापुढे ठेवी. तरीही माणसे त्याच्याशी मन मोकळे करू लागली, आणि त्यामुळे खुद्द वायझेनबॉम अस्वस्थ झाले. हा इशारा आजही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

संग्रहालयात असा सहायक दीर्घकाळ टिकला तो जर्मनीतील पाडरबोर्न येथे. तेथील हाइन्झ निक्सडॉर्फ संग्रहालयात जानेवारी २००४ पासून 'मॅक्स' नावाची आभासी व्यक्ती पडद्यावर उभी राहून प्रेक्षकांशी बोलू लागली. बिलेफेल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या संवादांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लोक मॅक्सला नमस्कार करतात, त्याची थट्टा करतात, त्याला शिव्याही देतात आणि तो माणूस आहे काय हे पारखून पाहतात, असे दिसले. थर्स्टन असते तर म्हणाले असते, पुन्हा तमाशाच! मला तसे वाटत नाही. अनोळखी माणसाची पारख केल्याशिवाय त्याला आपला खरा प्रश्न कोणी विचारीत नाही.

यानंतर प्रयोगांची रीघ लागली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयाने २०१५ मध्ये भ्रमणध्वनीवरून विचारलेल्या प्रश्नांना कलेच्या जाणकारांकडून तत्क्षणी उत्तर देण्याची सोय केली. तेथे पडद्यामागे माणसेच होती. २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक गृहाने फेसबुकच्या मेसेंजरवर उत्तर देणारा सहायक आणला. त्याच वर्षी ब्राझीलमधील साओ पाउलोच्या पिनाकोटेका संग्रहालयात काही निवडक चित्रांना प्रेक्षक बोलून प्रश्न विचारू लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात तर संग्रहाचा सुमारे पाच टक्के भागच एका वेळी मांडता येतो. तेथे २०१७ मध्ये लोकांनी 'मला समुद्र पाठवा' असा लघुसंदेश धाडावा आणि संग्रहातील समुद्राचे एखादे चित्र उत्तरादाखल यावे, अशी योजना झाली. लाखो संदेश आले. कोठारात बंद असलेल्या चित्रांना अशी बाहेरची हवा मिळाली.

भारतही मागे राहिला असे म्हणता येणार नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने 'जतन' ही संगणकप्रणाली तयार केली, आणि २०१४ च्या सुमारास केंद्र शासनाच्या प्रमुख संग्रहालयांतील वस्तूंच्या नोंदी व छायाचित्रे तिच्या आधारे एकत्र येऊ लागली. नावही किती समर्पक! रेल्वेच्या तिकीट संकेतस्थळावर २०१८ पासून 'आस्क दिशा' हा सहायक प्रवाशांना उत्तरे देतो. २०२२ मध्ये केंद्र शासनाची 'भाषिणी' ही भारतीय भाषांतील अनुवादाची योजना कार्यान्वित झाली, आणि त्याच वर्षी येथे चेन्नईत आयआयटी मद्रासमध्ये भारतीय भाषांच्या संगणकीय संशोधनासाठी निलेकणी केंद्र सुरू झाले. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात ११ भाषांत यात्रेकरूंना माहिती देणारा सहायक भाषिणीच्या साह्याने चालला. म्हणजे एग्मोरपासून काही किलोमीटरवर अशी विद्या सिद्ध होत आहे, की जिच्या योगे माझ्या आईचा मराठी प्रश्न तमिळमध्ये आणि रक्षकाचे तमिळ उत्तर मराठीत जाऊ शकेल.

लाभ कोणते?

पहिला लाभ भाषेचा, तो वर आलाच. परंतु तो केवळ अनुवादापुरता नाही. प्रत्येक पाहणारा आपला प्रश्न आपल्या इतिहासासह घेऊन येतो. सेंट जॉर्ज किल्ल्यातील संग्रहालयात मराठी माणूस शिरला की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: शिवाजी महाराज येथवर आले होते काय? १६७७ च्या दक्षिणदिग्विजयात महाराजांकडून मद्रासच्या इंग्रजांकडे काही औषधी वस्तूंची मागणी झाल्याची नोंद किल्ल्याच्या जुन्या कागदपत्रांत आहे, आणि त्याच वर्षी महाराजांनी जॉर्ज टाउनमधील काळिकांबाळ मंदिरात दर्शन घेतल्याची परंपरा आजही सांगितली जाते. पाटी लिहिणाऱ्याने हे प्रत्येक कपाटाखाली लिहावे अशी अपेक्षा करणे चूक. विचारणाऱ्यास मात्र ते सांगता आले पाहिजे. आणि सांगताना कागदपत्र कोणते व परंपरा कोणती, हा भेदही सांगता आला पाहिजे.

याची उलट बाजूही पाहावी. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर १८०३ मध्ये सरफोजीराजे दुसरे यांच्या कारकिर्दीत भोसले वंशाचे चरित्र कोरले गेले. भाषा मराठी, लिपी देवनागरी. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो, आणि तो योग्यच आहे. पण त्या भिंतीसमोर उभा असलेला तंजावरचा तमिळ विद्यार्थी नेमका माझ्या आईच्या जागी असतो. आपल्या गावच्या देवळावरील लेख त्याला वाचता येत नाही. ज्या राजाने सरस्वती महालात अनेक भाषांचे ग्रंथ जमवले, त्याच्याच शिलालेखाला आज दुभाष्याची गरज आहे.

दुसरा लाभ दूरच्या प्रेक्षकांचा. फ्रेंच शिल्पकार रोदँ याने मद्रासच्या या नटराजावर लिहिले, आणि त्याचे ते लिखाण १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याने ही मूर्ती प्रत्यक्ष पाहिली नव्हती. त्याच्यापुढे होती ती छायाचित्रे. दुरून पाहणाराही मर्मज्ञ असू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण शोधावे लागणार नाही. न्यू जर्सीत किंवा सिंगापुरात वाढणाऱ्या मराठी मुलांनी नटराजाला किंवा पुण्याच्या केळकर संग्रहालयातील दिव्यांना प्रश्न विचारावेत, असे आपल्याला वाटत असेल, तर त्यांच्यापर्यंत उत्तर पोहोचण्याची वाट आपण बांधली पाहिजे.

तिसरा लाभ अंधांचा व निरक्षरांचा. पाटीचे जग डोळस आणि साक्षर आहे. बोलणारा सहायक त्या जगाबाहेरच्यांसाठीही दार उघडतो.

चौथा लाभ मला प्रशासक म्हणून सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. तो म्हणजे प्रश्नांची नोंद. संग्रहालयाला आपण किती लोक आले हे सांगतो, कारण तिकिटे मोजता येतात. त्यांना काय विचारावयाचे होते हे कोणालाच ठाऊक नसते. दीडशे वर्षांतील प्रेक्षकांचे प्रश्न दालनातल्या हवेत विरून गेले. सहायकाकडे आलेले प्रश्न, विचारणाऱ्याचे नाव वगळून, दर महिन्याला अभिरक्षकाच्या टेबलावर आले, तर कोणती पाटी अपुरी आहे, कोणत्या मूर्तीपुढे लोक अडखळतात, हे प्रथमच समजेल.

आणि धोके

नव्या पद्धतीचे सहायक पूर्वीच्या सहायकांपेक्षा पुष्कळ सफाईने बोलतात, आणि धोका तेथेच आहे. उत्तर ठाऊक नसले तरी ते अडखळत नाहीत. चुकीचे शतक, चुकीचे राजघराणे, न घडलेली कथा ते त्याच गोड स्वरात सांगू शकतात. रक्षकाला ठाऊक नसते तेव्हा तो खांदे उडवतो. ते प्रामाणिक असते.

मग चुकीची जबाबदारी कोणाची? फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या एका न्यायाधिकरणापुढे असे प्रकरण आले. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील सहायकाने एका प्रवाशास सवलतीविषयी चुकीची माहिती दिली होती. सहायक हा आपल्या बोलण्यास स्वतःच जबाबदार आहे, अशा आशयाचा बचाव कंपनीने केला. न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई देण्यास सांगितले. शासकीय संग्रहालयाच्या नावे यंत्र बोलते तेव्हा शासन बोलते, हे आपण आधीच मान्य केलेले बरे.

दुसरा धोका मृतांच्या तोंडी शब्द घालण्याचा. पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात २०२३–२४ मध्ये व्हॅन गॉगचे आभासी रूप प्रेक्षकांशी बोलत असे, आणि लोक त्याला त्याच्या मृत्यूविषयी विचारीत. आपल्याकडे सरफोजीराजांना किंवा महाराजांना असे बोलते करण्याचा मोह कोणाला तरी होईलच. माझे स्पष्ट मत असे, की संग्रहालयाने वस्तूंविषयी बोलावे, थोरांचा आवाज उसना घेऊ नये.

तिसरा धोका आपल्या घरचा आहे, आणि त्यात मी स्वतः दोषी आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात, एका कार्यालयात अभ्यागतांसाठी स्पर्शपटलाचे माहितीयंत्र बसवण्यात आले. खरेदीच्या नस्तीवर माझी सही होती. उद्घाटनाला फीत कापली, छायाचित्रे निघाली. वर्षभरात पटल बंद पडले. दुरुस्तीचा करार नव्हता, माहिती अद्ययावत करण्याचे काम कोणाच्याही कर्तव्यसूचीत नव्हते. पुढे त्यावर कापड टाकण्यात आले, आणि मग त्या कापडावर कोणीतरी कुंडी ठेवली. मी बदलून निघालो तेव्हा ती कुंडी तेथेच होती. भांडवली खर्चाला समारंभ असतो, महसुली खर्चाला समारंभ नसतो. आपल्या अनेक योजना या एका फरकाने मरतात.

प्रशासकाने काय करावे?

हे सारे लक्षात घेऊन माझ्या अल्पमतीप्रमाणे काही सूचना मांडतो.

१. आधी नोंदवही, मग यंत्र. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात स्मारके व प्राचीन वस्तू यांच्या नोंदींतील उणिवांवर बोट ठेवले होते. ज्या वस्तूची धड नोंद नाही तिच्याविषयी यंत्र काय सांगणार? सहायकासाठी मंजूर झालेल्या रकमेचा मोठा हिस्सा सूचीकरणावर खर्च व्हावा.

२. सहायकाने उत्तर द्यावे ते अभिरक्षकाने तपासलेल्या मजकुरातूनच. त्याबाहेरचा प्रश्न आल्यास "हे मला सांगता येणार नाही, आपला प्रश्न नोंदवून घेतला आहे" असे म्हणावे. आणि आठवड्याभरात त्या प्रश्नाला माणसाने उत्तर द्यावे.

३. एका नामनिर्देशित अधिकाऱ्याकडे उत्तरांच्या अचूकतेची जबाबदारी असावी. चूक दाखवून देणाऱ्या प्रेक्षकाचे आभार मानण्याची रीतही असावी.

४. देखभालीची पाच वर्षांची तरतूद खरेदीच्याच नस्तीत असावी. ती नसेल तर नस्ती परत पाठवावी. कुंडीची आठवण ठेवावी.

५. प्रेक्षकाकडून नाव, दूरध्वनी क्रमांक मागू नये. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा आशय हाच आहे, की गरज नसलेली माहिती गोळा करू नये. मूर्तीविषयी विचारण्यासाठी ओळखपत्र कशाला?

६. शेवटची सूचना रक्षकांविषयी. दालनात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या या माणसांनी प्रेक्षकांचे सर्वाधिक प्रश्न ऐकलेले असतात, आणि पुष्कळांची उत्तरे त्यांना ठाऊक असतात. सहायकाला शिकवण्याचे काम सुरू होईल, तेव्हा त्यांना बोलवावे, त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे, आणि त्या कामाचे त्यांना मानधन द्यावे. यंत्र आले म्हणून त्यांची पदे कमी करण्याचा प्रस्ताव आला, तर तो मी तरी पुढे पाठवणार नाही. यंत्राचे काम त्यांचे बोलणे दूरवर नेण्याचे असावे.

या सूचनांत काही अद्भुत नाही. सत्तर टक्के काम जुनेच आहे: नोंदी करा, तपासा, ऐका, उत्तर द्या. यंत्राने त्याला फक्त वेग आणि भाषा द्यावयाची आहे. जे संग्रहालय यंत्राविना उत्तर देण्यास तयार नव्हते, ते यंत्र आल्याने तयार होईल असे मानण्यास आधार नाही. आणि जे तयार आहे, त्याला मात्र या साधनाने मोठे बळ येईल.

आई साताऱ्याला परत गेली, त्यापूर्वी आम्ही पुन्हा एकदा एग्मोरला गेलो. शुक्रवारी संग्रहालय बंद असते, म्हणून शनिवार निवडला. या वेळी माझ्या भ्रमणध्वनीवर अनुवादाची सोय होती. तोच रक्षक भेटला. आईने मराठीत विचारले, यंत्राने ते तमिळमध्ये म्हटले, रक्षकाने थोडा विचार करून उत्तर दिले, आणि यंत्राने ते जरा ओबडधोबड मराठीत आम्हाला ऐकवले. त्याचे म्हणणे असे: तो हसतही नाही आणि रडतही नाही. देवाचा पाय अंगावर आहे, म्हणून तो वर पाहतो आहे.

हे कोणत्याही सूचीग्रंथात असेल असे मला वाटत नाही. आई थोडा वेळ मूर्तीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "बरोबर सांगतोय तो." मग तिने रक्षकाला विचारले, की तू इथे किती वर्षे आहेस, आणि घरी मुलेबाळे किती? यंत्राने तेही विचारले. त्यानंतर ते दोघे बराच वेळ बोलत राहिले. मी भ्रमणध्वनी हातात धरून मध्ये उभा होतो.